गोडाचा मोह आणि संयमाचा विचार : वर्धा-नागपूर परिसरातील आहारचिंतनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वजन कमी करू इच्छिणाऱ्या माणसापुढील सर्वांत अवघड अडचण कोणती, या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘गोड सुटत नाही’ असे उत्तर मिळते. तेल, तूप, भात यांवर नियंत्रण ठेवणारी व्यक्तीदेखील दुपारच्या चहातील साखरेपुढे किंवा सणाच्या ताटातील पुरणपोळीपुढे नमते. हा प्रश्न सामान्यतः आहारशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याला इतिहासही आहे. गोड खाण्याची इच्छा माणसात उपजत असली, तरी साखर हाताशी असणे ही उपजत गोष्ट नव्हे. ती शेती, कारखानदारी, व्यापार आणि शासकीय धोरण यांतून घडली आहे. म्हणूनच गोडाच्या मोहावर कोणत्या काळात कोणता उपाय सुचविला गेला, हे तपासणे उद्बोधक ठरते.

या दृष्टीने वर्धा-नागपूर परिसराला विशेष महत्त्व आहे. १९३० च्या दशकात महात्मा गांधींनी याच भूमीत आहाराचे प्रयोग केले व अस्वादव्रताला सामूहिक जीवनाचे रूप दिले. पुढे नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वजन व मधुमेह यांविषयी मांडलेला विचार एकविसाव्या शतकात महाराष्ट्रभर पोहोचला. या दोन विचारांची पार्श्वभूमी, त्यांतील साम्य-भेद आणि मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन वैद्यकातील भूमिका

भारतीय परंपरेत गोडाला अग्रस्थान आहे. सहा रसांच्या गणनेत ‘मधुर’ रस प्रथम येतो. ‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ खडे किंवा वाळूचे कण असा आहे. हाच शब्द फारसी व अरबी भाषांमार्गे युरोपात पोहोचला. उसाच्या रसापासून खडीदार पदार्थ तयार करण्याचे कसब भारतातून जगभर पसरल्याची साक्ष या शब्दप्रवासातून मिळते.

ज्या परंपरेने गोडाला प्रथम स्थान दिले, तिनेच त्याच्या अतिरेकाचा विचारही केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोन्ही अवस्थांची चर्चा आहे. अतिस्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे यांचा उल्लेख येतो. विशेष लक्षणीय बाब अशी की, स्थूल माणसाच्या वाढलेल्या भुकेचे स्पष्टीकरण तेथे शरीरक्रियेच्या भाषेत दिलेले आहे. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो, जठराग्नी प्रदीप्त करतो आणि त्यामुळे अन्नाची इच्छा पुन्हा पुन्हा होते, अशी ती उपपत्ती आहे. आजच्या शास्त्राला ही उपपत्ती मान्य नसली, तरी तिच्यातील दृष्टी महत्त्वाची आहे. स्थूल माणसाची खा-खा हा केवळ स्वभावदोष नसून त्यामागे शरीराचे कारण असू शकते, हे येथे गृहीत धरलेले आहे.

याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवयी सोडण्याचा क्रम सांगितला आहे. सवयीची गोष्ट एकदम न सोडता तिचा चतुर्थांश भाग कमी करावा, त्या जागी हितकर गोष्टीचा तेवढाच भाग आणावा आणि काही दिवसांच्या अंतराने पुढचा भाग बदलावा, असा हा क्रम आहे. क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण टिकतात, हे त्यामागील तत्त्व होय. चहातील साखर दोन चमच्यांवरून दीड, दीडवरून एक अशी उतरविण्याचा आजचा सल्ला या क्रमाशी सुसंगत आहे.

साखरेचे सार्वत्रिकीकरण

प्राचीन काळी गोडाचा अतिरेक ही मोजक्या संपन्न लोकांची समस्या होती. सामान्य कुटुंबात गूळ जपून वापरला जाई आणि साखर विशेष प्रसंगीच दिसे. मराठीतील शब्दप्रयोगांत ही दुर्मीळता टिकून आहे. विवाह ठरविण्याच्या विधीला ‘साखरपुडा’ म्हणतात, शुभवार्ता सांगणाऱ्याच्या तोंडात साखर पडावी असे म्हटले जाते, पहाटेच्या सुखद झोपेला ‘साखरझोप’ हे नाव आहे आणि आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची रीत ग्रामीण भागात होती. विदर्भात होळी व गुढीपाडव्याच्या सुमारास मुलांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. हे सर्व प्रसंग वर्षातून ठरावीक वेळा येणारे आहेत. गोडाचे हे वेळापत्रकच एक प्रकारचे नियंत्रण होते. मोह होता, परंतु त्याला तिथी होती.

ही स्थिती विसाव्या शतकात पालटली. १९३० पूर्वी भारतातील पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावा बेटातून आयात होत असे. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि अवघ्या चार-पाच वर्षांत देशातील साखर कारखान्यांची संख्या सुमारे ३० वरून १३० च्या पुढे गेली. त्याच दशकात चहाच्या संघटित प्रचाराला वेग आला. चहा घरोघरी पोहोचला तसतशी साखर सणाच्या ताटातून रोजच्या कपात आली. गोडाची तिथी संपली व दिवसातून दोन-तीनदा गोड घेण्याची सवय रुजू लागली. वर्ध्यातील आहारविचाराचा उदय नेमका याच काळात झाला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

वर्धा व सेवाग्राम : अस्वादाचा प्रयोग

गांधीजींच्या आहारचिंतनाचा आरंभ वर्ध्यापूर्वी बराच आधी झाला होता. १९१५ च्या हरिद्वार येथील कुंभमेळ्याच्या वेळी त्यांनी चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे व सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत घेतले. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत होते. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रताचे विवेचन केले.

या विवेचनातील तीन मुद्दे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, अन्न औषधाप्रमाणे म्हणजे गरजेपुरते व मोजून घ्यावे. दुसरा मुद्दा बालपणीच्या संस्काराचा आहे. खोट्या मायेपोटी आईवडील मुलांना नाना पदार्थ चारतात आणि त्यातून कृत्रिम आवडी निर्माण होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तिसरा मुद्दा सर्वाधिक व्यावहारिक आहे. सामूहिक स्वयंपाकघरामुळे अस्वादव्रत पाळणे सोपे जाते, कारण आज काय करायचे याची चिंता प्रत्येकाला करावी लागत नाही आणि पानात आलेले समाधानाने खाता येते, असे त्यांनी सांगितले. संयमाचे ओझे केवळ व्यक्तीच्या मनोबलावर न टाकता ते व्यवस्थेवरही टाकण्याची ही कल्पना होती.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली आणि तेथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, सोयाबीन, कच्चा भाजीपाला यांचे प्रयोग सुरू झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव येथे राहावयास गेले. १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. या काळात त्यांचा आधुनिक पोषणशास्त्राशीही संपर्क होता. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक डॉ. डब्ल्यू. आर. आयक्रॉईड यांच्याशी त्यांचा विचारविनिमय होत असे. याच आयक्रॉईड यांनी १९६७ मध्ये साखर, गुलामगिरी व मानवी समाज यांच्या संबंधांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ या काळात आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत गांधीजींनी आरोग्यविषयक पुस्तक लिहिले. ‘आरोग्याची किल्ली’ या नावाने ते परिचित आहे. बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी त्यात दिलेल्या दैनिक आहाराच्या तक्त्यात गूळ किंवा साखर दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, असे प्रमाण आहे. गोड फळे मिळत असल्यास पाऊण ते एक औंस साखर पुरेशी आहे, असाही निर्देश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, बाहेरून घातलेल्या व तत्सम मुक्त शर्करांचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावे आणि शक्य झाल्यास ते पाच टक्क्यांखाली आणावे, असे सुचविले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम इतकी येते. सेवाग्रामच्या अनुभवातून आलेला आकडा या दोहोंच्या दरम्यान पडतो, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. गांधीजींनी साखर पूर्णतः वर्ज्य केली नव्हती, हेही येथे स्पष्ट होते. त्यांनी तिला माप दिले.

त्याच पुस्तकात मिठाईविषयी मात्र कठोर भूमिका आढळते. कोट्यवधी लोकांना साधे पोटभर जेवण मिळत नसलेल्या देशात मिष्टान्ने झोडणे ही चोरीच होय, असा त्यांचा आशय आहे. शरीराच्या वजनाचा प्रश्न येथे सामाजिक न्यायाच्या प्रश्नाशी जोडला गेला. एकीकडे नागपुरात वजन घटविण्याचे वर्ग चालावेत आणि दुसरीकडे त्याच विदर्भातील मेळघाटात बालकांचे कुपोषण हा दशकानुदशके चिंतेचा विषय राहावा, ही विसंगती लक्षात घेता हा आशय आजही अस्वस्थ करणारा आहे.

गूळ की साखर : एका गैरसमजाचा उगम

ग्रामोद्योग संघाने साखरेऐवजी गुळाचा, विशेषतः ताडगुळाचा, पुरस्कार केला. त्यामागे दोन कारणे होती. पांढरी साखर शुद्ध होताना तिच्यातील क्षार व अन्य घटक निघून जातात, हे पोषणविषयक कारण होते. गूळ गावात तयार होतो व त्याचा पैसा गावात राहतो, साखर मात्र कारखान्यात तयार होते व नफा भांडवलदाराकडे जातो, हे आर्थिक कारण होते. कुमारप्पांच्या मांडणीत दुसऱ्या कारणाचे वजन अधिक होते.

कालांतराने आर्थिक संदर्भ विस्मृतीत गेला आणि ‘गूळ चालतो, साखर चालत नाही’ एवढेच सूत्र शहरी मध्यमवर्गात उरले. वजन कमी करणारी अनेक माणसे याच समजुतीने साखरेच्या जागी तेवढाच गूळ वापरतात. वस्तुतः गुळाचा मुख्य घटक साखरच आहे. त्यात लोह व अन्य खनिजे काही प्रमाणात असली, तरी वजनी तुलनेत त्याचे उष्मांक साखरेच्या जवळपासच असतात. म्हणजे गावाच्या अर्थकारणासाठी दिलेले उत्तर शरीराच्या वजनासाठी वापरले गेले. संदर्भ बदलला की योग्य सूत्रही अयोग्य ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र : साखरेचे अर्थकारण

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने वर्ध्याच्या मार्गापेक्षा वेगळा मार्ग स्वीकारला. १९५० मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा सहकारी साखर कारखान्याने आकार घेतला. विठ्ठलराव विखे पाटील हे त्याचे प्रवर्तक, तर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे अध्यक्ष होते. गाडगीळांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले होते. कुमारप्पांना साखर कारखान्यात ग्रामीण शोषण दिसले. गाडगीळांनी मात्र, शेतकरीच कारखान्याचा मालक झाला तर ग्रामीण समृद्धी साधता येईल, असे मानले. दोघांचा हेतू ग्रामहिताचाच होता. उत्पादकाच्या दृष्टीने सहकाराने मोठे काम केले, परंतु खाणाऱ्याच्या शरीराचा प्रश्न या चर्चेत मागे पडला.

अनेक दशके साखर शिधापत्रिकेवर मिळत असल्याने तिच्या वापरावर काहीशी मर्यादा होती. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि २०१३ मध्ये कारखान्यांवरील लेव्हीचे बंधनही हटले. दरम्यान तयार मिठाई, बिस्किटे व शीतपेये यांची बाजारपेठ विस्तारली. नागपूरची संत्रा बर्फी ही शहराची ओळख बनली व प्रवाशाने सोबत न्यावयाची भेट ठरली. पूर्वी घरातील स्त्री गोडधोड करताना गूळ व साखर यांचे माप स्वतः ठरवीत असे. आता हे माप पाकिटात बंद होऊन येऊ लागले.

डॉ. श्रीकांत जिचकार आणि ‘विनासायास’ मार्ग

या पार्श्वभूमीवर डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांचा विचार पाहावा लागतो. काटोल परिसरातून आलेले जिचकार हे वैद्यकीय पदवीधर, विधिज्ञ, संस्कृतचे अभ्यासक आणि लोकप्रतिनिधी होते. १९९२ ते १९९८ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. अनेक विद्याशाखांतील पदव्यांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी त्यांचा सर्वाधिक दूरवर पोहोचलेला वारसा वजन व मधुमेहविषयक व्याख्यानाचा आहे. जून २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले.

जिचकारांच्या मांडणीचा गाभा असा होता. आपण काहीही खाल्ले की शरीरात इन्सुलिन स्रवते. दिवसभर थोडे थोडे खाल्ल्याने इन्सुलिनची पातळी सतत वाढलेली राहते आणि साठलेली चरबी वापरली जात नाही. म्हणून कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखून त्या दोनच वेळा जेवावे व मधल्या काळात खाणे टाळावे. उष्मांक मोजण्याचा किंवा उपाशी राहण्याचा आग्रह त्यात नव्हता. त्यामुळे ती सामान्य माणसाला पेलणारी वाटली.

२०१२-१३ च्या सुमारास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हा विचार स्वतःवर अनुभवून पाहिला आणि त्याचा प्रसार सुरू केला. दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, रोज चालणे, तसेच उपाशीपोटी इन्सुलिन व एचबीए१सी या चाचण्या, असे त्याचे स्वरूप आहे. व्याख्याने, पुस्तक व मोबाईलवरील गट यांच्याद्वारे ही जीवनशैली मराठी भाषकांमध्ये झपाट्याने पसरली. गोडाच्या मोहाच्या दृष्टीने तिचा परिणाम उल्लेखनीय आहे. गोडाचा बराच भाग दोन जेवणांच्या मधल्या चहा-बिस्किटांतून पोटात जातो. मधले खाणेच बंद झाल्याने मोहाशी दिवसातून दहा वेळा झगडण्याची गरज उरत नाही. ‘खाऊ की नको’ हा प्रश्न नियमानेच निकालात निघतो.

या मार्गाला विरोधही झाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी ठरावीक अंतराने थोडे थोडे खाण्याचा व तूप-गुळासारख्या पारंपरिक पदार्थांना न घाबरण्याचा सल्ला लोकप्रिय केला होता. ‘दोनदा खावे की दर दोन तासांनी’ या प्रश्नावर २०१८ च्या सुमारास मराठी कुटुंबांत व वृत्तपत्रांत जोरदार चर्चा झाली. उष्मांक समान ठेवले असता जेवणांची संख्या बदलल्याने वजनात फार मोठा फरक पडत नाही, असे अनेक तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. दोनदा जेवण्याचा लाभ प्रामुख्याने एकूण खाणे कमी झाल्याने होत असावा, असे त्यावरून अनुमान करता येते. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना जेवण टाळणे धोक्याचे ठरू शकते.

तुलनात्मक मूल्यमापन

चरक, गांधीजी व जिचकार या तिघांच्या विचारांत मोहाचे कारण वेगवेगळ्या ठिकाणी शोधलेले आहे. चरकाने ते शरीराच्या बिघडलेल्या क्रियेत व सवयीत पाहिले आणि क्रमशः त्यागाचा उपाय सांगितला. गांधीजींनी ते रसनेच्या संस्कारात व विषम समाजरचनेत पाहिले आणि व्रत, माप व सामूहिक स्वयंपाकघर हे उपाय योजले. जिचकारांनी ते खाण्याच्या वारंवारतेत पाहिले आणि वेळेचा नियम दिला. गांधीजींच्या मार्गात संयम हे मूल्य होते. जिचकारांच्या मार्गात आयासाचा अभाव हेच आकर्षण ठरले. हा फरक सेवाग्रामच्या आश्रमापासून एकविसाव्या शतकातील मध्यमवर्गापर्यंत झालेल्या सामाजिक परिवर्तनाचा निदर्शक आहे.

तरीही एक साम्य ठळक आहे. प्रत्यक्ष मोहाच्या क्षणी मनाशी युद्ध करण्यावर यांपैकी कोणाचीही भिस्त नाही. निर्णय मोहाच्या क्षणापूर्वीच घेतलेला असावा, ही त्यांची समान धारणा आहे. क्रम, माप किंवा वेळ यांपैकी काहीही आधी ठरलेले असले की मनावरील ताण कमी होतो. सणांच्या जुन्या वेळापत्रकानेही हेच कार्य केले होते.

कृत्रिम गोडीच्या संदर्भातही अस्वादविचार उपयुक्त ठरतो. उष्मांकविरहित गोड द्रव्यांचा वापर वजननियंत्रणाचे साधन म्हणून करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. या द्रव्यांनी दीर्घकाळात चरबी घटण्यास मदत झाल्याचे दिसले नाही, हे त्यामागील एक कारण होते. साखर बदलली तरी जिभेची अपेक्षा तशीच राहते. गोडीचे प्रमाणच हळूहळू उतरविणे हा उपाय चरकाच्या क्रमाशी व अस्वादाच्या आशयाशी अधिक जवळचा आहे.

निष्कर्ष

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. या परिस्थितीत गोडाच्या मोहाकडे केवळ वैयक्तिक दुर्बलता म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३२ च्या संरक्षण कायद्यापासून सहकारी कारखानदारीपर्यंत आणि चहाच्या प्रचारापासून पाकिटबंद खाद्यापर्यंत अनेक सार्वजनिक निर्णयांनी साखर प्रत्येकाच्या हाताशी आणली. तिच्यापासून दूर राहण्याची जबाबदारी मात्र एकट्या व्यक्तीवर सोडली गेली.

वर्धा-नागपूर परिसराच्या अनुभवावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, साखरेचा संपूर्ण त्याग करण्यापेक्षा तिचे माप व वेळ ठरविणे अधिक टिकाऊ ठरते. दोन, गुळासारख्या पर्यायांचा विचार त्यांच्या मूळ संदर्भासह करावा लागतो. तीन, संयम ही सामूहिक बाब आहे. घरात, कार्यालयात व महाविद्यालयाच्या उपाहारगृहात चहा कसा दिला जातो, बैठकीत बशीत काय ठेवले जाते आणि वाढदिवसाला काय वाटले जाते, यावर व्यक्तीचे यश बऱ्याच अंशी अवलंबून असते. गांधीजींनी सामूहिक स्वयंपाकघराविषयी मांडलेला मुद्दा या अर्थाने आजच्या शिक्षणसंस्थांनाही लागू पडतो. साखर वेगळी ठेवून बिनसाखरेचा चहा देण्याची साधी व्यवस्था अनेक उपदेशांहून अधिक परिणामकारक ठरू शकेल.